मागच्या बाकावरची वाकळ

शेताला निघायचं म्हटलं की आई आधी वाकळ काढते. आज्जीच्या जुन्या लुगड्यांची, निळ्या-तांबड्या ठिगळांची. चार घड्या घातल्या की आमच्या मारुती जिप्सी गाडीच्या मागच्या बाकावर बरोबर बसते. आई ती बाकावर टाकणार, तिच्यावर बसणार, एका हाताने वरचा पाइप धरणार आणि दुसऱ्या हाताने मांडीवरची बुट्टी सांभाळणार. येताना त्या बुट्टीत भाताच्या कोंड्यात ठेवलेली गावठी अंडी असतात. चार वर्षं मी हे बघत आलो. बाक उन्हानं तापतो, पावसानं भिजतो, म्हणून वाकळ घेत असेल, असं मला वाटायचं. कधी विचारलं नाही, आणि आईनंही सांगितलं नाही.

आम्ही राहतो बेळगावात, अनगोळला. शेत खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या अलीकडे. थोडं भात, थोडी नाचणी, बाकी काजू. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणारा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रस्त्यावरून आत वळलं की शेवटचे दोन किलोमीटर नुसती मातीची वाट. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते आणि पूर्वेला कोरड्या मुलखातून जात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिकडच्या लोकांच्या वाट्याला नदी येते, आमच्या वाट्याला ती नदी करणारा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या वाटेवरून ट्रॅक्टर जातात आणि जांभ्याच्या तांबड्या मातीत दोन खोल चर पडतात.

चाकोरी हा शब्द आपण आता नोकरीच्या, संसाराच्या संदर्भात वापरतो. आमच्या वाटेवर तो अजून मूळ अर्थानं जिवंत आहे. पूर्वी ही चाकोरी बैलगाडीची होती, आता ट्रॅक्टरची. ट्रॅक्टरची मागची चाकं रुंद अंतरावर, जिप्सीची त्याहून कमी. म्हणून जिप्सीचं एक चाक चरात असतं आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर. गाडी कलंडल्यासारखी चालते आणि मागचा गोळा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला दात्यांचा डबा, कधी ना कधी मातीला घासतो.

म्हणूनच मी लिफ्ट केलेली गाडी घेतली. २००७ ची जिप्सी किंग, १३०० सीसीची, आधीच्या मालकानं मागून-पुढून उचललेली. बेळगावात जिप्सीचं नवल कुणाला नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमुळे कॅम्पात ही गाडी बघतच आम्ही मोठे झालो. चारही चाकांना पाटे, म्हणजे कमानदार लोखंडी पात्यांच्या स्प्रिंगा, पुढं-मागं दोन चाकांना जोडणारं सबंध आडवं हौसिंग, आणि मागचे दोन बाक समोरासमोर, थेट मागच्या चाकांच्या डोक्यावर. ही शेवटची गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. मी बघितली ती फक्त उंची. गाडी शेजारच्या गाड्यांपेक्षा तीन इंच उंच दिसत होती आणि मला वाटलं, आता ओढा आपल्याला अडवणार नाही.

त्या उंचीचं गणित मला फार उशिरा कळलं. पाटे उचलले की गाडीचं धड वर जातं, हौसिंग मात्र तिथंच राहतं. ते चाकांना बांधलेलं आहे, त्यामुळे गोळ्याची जमिनीपासूनची उंची टायर मोठा केल्याशिवाय एक सूतभरही वाढत नाही. म्हणजे ज्या गोळ्यासाठी मी उंच गाडी घेतली, तो होता तिथंच घासत होता. वर गेलो होतो आम्ही बसणारे.

आणि उंची मिळवली होती ती दोन सोप्या वाटांनी. पाट्याचं मागचं टोक ज्या दोन पट्ट्यांवर झुलतं, त्या शॅकल लांब घातल्या होत्या. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं पुढचं टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्कं असतं आणि हौसिंग मधोमध. उरलेल्या उंचीसाठी प्रत्येक बाजूला एक जाड पाटा सारला होता, कुठल्या तरी मोठ्या गाडीचा कापून. शॉकअप, म्हणजे पाट्याची उसळी गिळणारी तेलाची नळकांडी, मात्र कंपनीच्याच मापाचे ठेवले होते. ज्या गॅरेजात हे काम झालं, तिथं गाडी उभी असताना छान दिसत असणार.

मला ती गाडी आवडायची, हेही लिहायला हवं. पुढच्या सीटवर बसलं की ती घट्ट वाटायची, भरवशाची वाटायची. शेजारी बाबा असायचे. त्यांचा गुडघा गेल्यापासून मागं चढणं त्यांना जमत नाही. मागं आई आणि आत्या, पायाशी काजूची नाहीतर भाताची पोती. खड्डा आला की मागून पोत्यांचा धप्प आवाज यायचा. आवाज पोत्यांचा आहे, असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रोप लावून झालं होतं, गणपती तोंडावर आले होते. शेतावरून परतताना ओढ्याच्या चढाला मागचं डावं चाक ट्रॅक्टरच्या चरात उतरलं. खोल होता चर. चाक खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि कुठंतरी ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला. मी गाडी पुढं काढली. चाक चरातून वर येताना दुसरा आवाज झाला, बंदुकीसारखा, आणि मागचा डावा कोपरा एकदम वर उभा राहिला. मागं आई बाकावरून घसरून पोत्यांवर पडली होती. हात टेकवला तो मनगटावर.

मी चिखलात आडवा पडून खाली बघितलं. शॉकअपचा खालचा डोळा तुटून लोंबत होता आणि तेल गळत होतं. आखूड शॉकअप इतकी वर्षं दोरीचं काम करत होता. चाक खाली लोंबायला लागलं की तोच त्याला धरून ठेवायचा. शॉकअप त्यासाठी केलेला नसतो. त्या दिवशी त्याचा डोळा तुटला, पाट्याला धरणारं काही उरलं नाही, पाटा खाली लोंबला आणि लांब शॅकल त्याच्याबरोबर भलत्याच बाजूला गेली. चाक वर येताना ती परत फिरली नाही. उलटी होऊन चॅसीला जाऊन टेकली. पाट्याचा बाक चुकीच्या दिशेला वळला होता. ब्रेकची रबरी नळी, होज, तारेसारखी ताणली होती. बोट लावलं तर वाजेल अशी. ती तुटली असती तर पुढच्या उतारावर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री कधीकधी येतो.

शेजारच्या शेतातले एक काका पहार घेऊन आले. चॅसीखाली जॅक लावून वजन काढलं, पहारीनं शॅकल मागं ढकलली, ती दणकन सुटून जागेवर बसली. वीसच्या वेगानं घरी आलो. आईचं मनगट सुजलं. हाड मोडलं नव्हतं, पण पंधरा दिवस तिला भाकरी थापता आली नाही. आत्या थापायची आणि आई शेजारी बसून आच बघायची.

कॅम्पात एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. जिप्सी आणि जीप यांच्याखाली त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी गाडी बघितली, शॅकलवर हात फिरवला आणि मला वाटलं, आता पार्टांची यादी सांगतील. त्यांनी विचारलं,

“मागं कोण बसतंय?”

“आई. आत्या.”

“तू बसलायस काय कधी?”

नव्हतो बसलो. माझ्या गाडीत, चार वर्षांत, एकदाही नाही.

त्यांनी भंगारातला एक चालू शॉकअप तात्पुरता जोडला, किल्ली घेतली आणि मला मागं चढ म्हणाले. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जाऊन परत आलो. गाडी पंचवीसच्या वर नव्हती. रुळांवरून जाताना बाक माझ्या खालून निघून गेला आणि परत वर आला. कमरेपासून टाळूपर्यंत सरळ रेषेत बसतो तो मार. पोटातलं सगळं वर येतं. हात आपोआप वरच्या पाइपला जातो, जिथं आईचा हात असतो. तिथला रंग घासून पत्रा चमकत होता. ती चमक मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. वाकळ कशासाठी होती, तेही.

परत आल्यावर चाचांनी मला काही ऐकवलं नाही. खडू घेतला आणि कामाला लागले.

आमच्या आज्जांच्या वेळी बैलगाडी भरताना एक शब्द हमखास कानावर यायचा: उलाळ. मागं जास्त वजन झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलतं. म्हणून गाडी भरणारा माणूस पुढं उभा राहून मागं बघत भरायचा. वजन कुठं पडणार, हे आधी ठरायचं आणि मग गाडी हलायची. चाचांनी नेमकं तेच केलं. पाटे काढायच्या आधी त्यांनी मला मागच्या वजनाचा हिशेब करायला लावला. आई, आत्या, पन्नास किलोची दोन पोती, पाण्याचा कॅन, अवजारं. सव्वादोनशे-अडीचशे किलो. “ह्या वजनाला बसणारा पाटा पायजे,” ते म्हणाले. “फोटोला नव्हं.”

पाटे घेऊन आम्ही उद्यमबागेच्या बाजूला गेलो. तिथं पाट्यांचं काम करणारे एक अण्णा आहेत. चाचा त्यांच्याशी उर्दूत बोलतात, ते चाचांशी कानडीत, माझ्याशी दोघंही मराठीत, आणि कामात कुणाचं काही अडत नाही. अण्णांनीही पहिलं तेच विचारलं, “एष्ट मंदी?” किती माणसं. हा ‘मंदी’ शब्द आमच्या खेड्यातल्या मराठीतही आहे, त्यामुळे उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही.

अण्णांनी तो जाड पाटा उचलून बाजूला टाकला आणि मला एक गोष्ट समजावली, ती मी जन्मभर विसरणार नाही. सहा मिलिमीटरचे दोन पाटे एकावर एक ठेवले तर कडकपणा दुप्पट होतो. पण बारा मिलिमीटरचा एकच पाटा घातला तर कडकपणा आठपट होतो. जाडी वाढते तिच्या घनानं कडकपणा वाढतो. म्हणून चांगल्या पाट्यात पातळ पाती जास्त असतात. ती एकमेकांवर सरकत वाकतात, वजन तेवढंच पेलतात, पण मऊ राहतात. माझ्या गाडीत आठ माणसांची ताकद एकाच लोखंडाला दिली होती आणि त्याच्यावर माझी बावन्न किलोची आई बसत होती. इतक्या कमी वजनाला तो पाटा हलतच नव्हता. हलत होती ती आई.

नवे पाटे करताना मी दिवसभर तिथं बसलो. जमिनीवर खडूनं कमान आखली होती. पाटा भट्टीतून लालभडक निघायचा, त्या कमानीच्या साच्यावर दाबला जायचा आणि तेलात जायचा. धूर उठायचा, तेल खदखदायचं. मग परत कमी आचेवर तापवून हळू थंड करायचा. ही दुसरी आच चुकवली तर पाटा काचेसारखा तुटतो, पहिलीच नीट दिली नाही तर महिन्याभरात सपाट होतो. बाजारात जुने पाटे नुसते थंड ठोकून कमान चढवून देणारेही आहेत. त्यांची कमान दिवाळीपर्यंत टिकते. लोखंड साधं नसतं हे. त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असतं, म्हणून ते वाकून परत येतं. परत येणं हाच त्याचा गुण. मी घाई केली की अण्णा म्हणायचे, “स्वल्प तडीरी,” जरा थांबा, आणि मी तडायचो.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या जागेवर जोडणी. कंपनीच्या मापाच्या शॅकल परत आल्या. पाट्यांच्या डोळ्यांत बसणारे सगळे बुश नवे, रबरी. पॉलियुरेथेनचे घालायचं माझ्या मनात होतं, पण ग्रीस कमी पडलं की ते कुरकुरतात, आणि चाचांना मागच्या बाकाखाली तो आवाज नको होता. मग शॉकअप काढून ठेवून त्यांनी हौसिंगखाली जॅक लावला आणि बंपस्टॉपचं, म्हणजे चाक फार वर येऊ न देणारं, रबर टेकेपर्यंत ते वर घेतलं. वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंत टेप: साडेबारा इंच. मग चाक खाली सोडलं, शॅकल अजून मागंच झुकलेली आहे, उलटी जायला जागा नाही, अशा जागी थांबवलं: साडेएकोणीस. दोन्ही आकडे भिंतीवर खडूनं लिहिले. शॉकअप घ्यायचा तो बंद बारा इंचांचा आणि उघडा वीसचा, म्हणजे दाबताना तो आधी टेकणार नाही आणि लोंबताना आधी ताणणार नाही. साडेएकोणीसला चाकाला थांबवायला एक जाड कापडी पट्टा चॅसीपासून हौसिंगपर्यंत बांधला. दोरीचं काम दोरीला. शॉकअपनं फक्त पाट्याची उसळी गिळायची. त्याच्या आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीची उष्णता होते, एवढंच त्याचं काम आणि ते पुरेसं मोठं आहे.

ब्रेकची होज लांब मापाची नवी. पाटा हौसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे, कारण एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट परत तसा धरत नाही. इंजिनाची ताकद मागच्या गोळ्याला पोचवणाऱ्या शाफ्टसाठी एक पाचर लागेल अशी चाचांची अटकळ होती. साठच्या वेगाला गाडी थरथरायची. लांब शॅकलमुळे पाट्याचं मागचं टोक खाली गेलं होतं, गोळ्याचं तोंड वर वळलं होतं आणि शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, वेगवेगळ्या कोनात फिरत होते. पण शॅकल मूळ मापाच्या झाल्या आणि तोंड आपोआप जागेवर आलं. पाचर लागलीच नाही.

एक बारकावा मला फार आवडला. बुशाचे बोल्ट चाचांनी गाडी जॅकवर असताना आवळले नाहीत. गाडी खाली उतरवली, मागं मला आणि शेजारच्या दोन पोरांना बसवलं, आणि वजन पडलेल्या अवस्थेत बोल्ट आवळले. लोंबत्या पाट्यावर आवळलं तर गाडी खाली येताना आतलं रबर पिळून राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. रबराला विश्रांतीची जागा वजनाखाली मिळाली पाहिजे. हे कुठल्या कागदावर वाचायला मिळत असेल, पण मी ते तेल लागलेल्या हातांकडून शिकलो.

गाडी आधीपेक्षा दीड इंच खाली आली. कायद्याच्या बाजूनंही ते बरं झालं. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांना हात घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. ज्यांना गाडी उचलायची आहे त्यांनी आधी आरटीओत विचारावं, मग गॅरेजात. आणि आमच्या भागात जंगलातून गाडी घालण्याचा मोह कुणाला होत असेल तर कृपा करून आवरा. भीमगड अभयारण्य आपल्या चाकांसाठी नाही. शेताची, गावाची वाट पुरेशी अवघड आहे.

पहिल्यांदा शेताला गेलो तेव्हा आईनं नेहमीसारखी वाकळ टाकली. मी काही बोललो नाही. जांबोटी गेली, मातीची वाट आली. ओढ्याच्या चढाला तोच चर होता, पावसानं आणखी खोल केलेला. डावं चाक खाली गेलं. मी काच उतरवून ऐकत होतो. पाटा लोंबला, पट्टा ताणला, चाक तळाला टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. वर येताना फक्त एक लांब, मऊ उच्छ्वास आला. गाडी चढली. पूर्वी त्या चढाला मागचं चाक हवेत फिरायचं आणि मी ॲक्सिलरेटर दाबून गाडी उडवत वर घ्यायचो. आता चाकाखाली माती होती, म्हणून वेगाची गरजच पडली नाही. इतकी वर्षं मी ज्याला ताकद समजत होतो, ती सुटलेल्या चाकाची धडपड होती.

येताना आरशात बघितलं. अंड्यांची बुट्टी आईच्या मांडीवर नव्हती. खाली, पायांशी, पोत्याला टेकवून ठेवली होती. आई दोन्ही हात मोकळे ठेवून आत्याशी बोलत होती, काजूच्या मोहोराबद्दल काहीतरी. घरी येऊन मोजली तर एक अंडं तडकलं होतं. ते तिनं त्याच रात्री बाबांसाठी फोडलं.

वाकळ अजून गाडीतच आहे. चाचांनी सांगितलं होतं, पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळायला ये. नवे पाटे एकमेकांवर बसतात तसे नट सैल होतात. गेल्या रविवारी गेलो. चाचा गाडीखाली आडवे झाले, मी दिवा धरला. आठांपैकी सात नट जागचे हलले नाहीत. मागचा डावा, आतल्या बाजूचा, पाव फेरा फिरला.